मेंदूच्या म्हातारपणावरचं संशोधन: पैसा कुणी दिला, डेटा कुणी दिला आणि नाव कुणाचं लागलं?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या ग्रुपने जो प्रोजेक्ट केला, तोच तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केला असेल किंवा पुढे कराल: मेंदूच्या एमआरआय फोटोवरून अल्झायमर ओळखणे. एका नावाजलेल्या डेटासेट साइटवरून झिप फाइल उतरवली. आत ६,४०० फोटो, चार फोल्डर. कोड निम्मा यूट्यूबवरून, निम्मा सीनियर्सकडून. अ‍ॅक्युरसी आली ९८ टक्के, आणि आम्ही चौघं खुशीत चहा प्यायला गेलो.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "डेटा कुठला?" आम्ही साइटचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "ते दुकान झालं. माल कुठला?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. डेटासेटच्या पानावर एवढंच लिहिलेलं होतं की फोटो वेगवेगळ्या वेबसाइटवरून गोळा केले आहेत. ते कुणाच्या मेंदूचे, कुठल्या हॉस्पिटलमधले, स्कॅन करायला पैसे कुणी दिले, यातलं काही नाही. मार्क मिळाले, पण तो प्रश्न डोक्यात राहिला. नंतर नोकरी लागल्यावर एका रविवारी कुहीला घरी बसून मी त्याचा माग काढायला लागलो. हा लेख त्यातून आलाय. संशोधनात पैसा देणाऱ्यांचं आणि डेटा देणाऱ्यांचं नाव का लिहायचं, कसं लिहायचं, आणि नाही लिहिलं तर नेमकं काय बिघडतं, हे यात सांगतो. ही शिष्टाचाराची गोष्ट आहे असं मलाही वाटायचं. तसं नाहीये.

६४ फोटो, पण माणसं किती?

त्या चार फोल्डरमधले आकडे असे होते: निरोगी ३,२००, अगदी सौम्य डिमेन्शिया २,२४०, सौम्य ८९६, आणि मध्यम फक्त ६४. हा शेवटचा आकडा इतका लहान असल्याने सगळे जण स्मोट नावाची ट्रिक वापरून त्याचे ३,२०० करतात. आम्हीही केले.

आता हेच आकडे ३२ ने भागून बघा. ३,२०० चे १००. २,२४० चे ७०. ८९६ चे २८. ६४ चे २. सगळीकडे नि:शेष भाग जातो.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी आहे. तिथल्या संशोधकांनी ओएसिस नावाचा एमआरआय डेटासेट सगळ्यांसाठी खुला केला आणि त्यावरचा पेपर २००७ मध्ये छापला. त्यात १८ ते ९६ वयाची ४१६ माणसं आहेत. डिमेन्शिया किती आहे हे मोजायला त्यांनी सीडीआर नावाचं माप वापरलं: शून्य म्हणजे काही नाही, अर्धा म्हणजे अगदी सौम्य, एक म्हणजे सौम्य, दोन म्हणजे मध्यम. ओएसिसच्या तक्त्यात सीडीआर अर्धा असलेली माणसं ७०. एक असलेली २८. दोन असलेली २.

सत्तर, अठ्ठावीस, दोन. आमच्या फोल्डरचेच आकडे. निरोगी माणसं ओएसिसमध्ये शंभराहून जास्त आहेत, त्यातली शंभर घेतली असावीत. म्हणजे माझ्या हिशेबाने ते ६,४०० फोटो ६,४०० लोकांचे नाहीतच. साधारण २०० माणसं आणि प्रत्येकाच्या मेंदूचे ३२ काप, ब्रेडच्या स्लाइससारखे. "मध्यम डिमेन्शिया" हा अख्खा वर्ग जगातल्या दोन माणसांवर उभा आहे.

आता याच्या पुढची गंमत. त्या डेटासेटमध्ये ट्रेन आणि टेस्ट असे दोन भाग आधीच करून ठेवले होते. मध्यम वर्गाचे ५२ फोटो ट्रेनमध्ये, १२ टेस्टमध्ये. एका माणसाचे जास्तीत जास्त ३२ फोटो असतील, तर ५२ फोटोंमध्ये दोन्ही माणसं येणारच, दुसरा इलाज नाही. म्हणजे टेस्टमध्ये जो मेंदू दिसतो तो मॉडेलने शिकताना आधीच पाहिलेला असतो. आमच्या मॉडेलला डिमेन्शिया ओळखताच येत नव्हता. ते फक्त ओळखीची माणसं ओळखत होतं, आणि आमच्या ९८ टक्क्यांमधला बराचसा भाग तिथून आला होता.

फोटो पुढे ढकलताना कुणीतरी "हा डेटा ओएसिसमधून घेतला, इतक्या माणसांचा आहे" अशी एक ओळ ठेवली असती, तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर "अनेकदा फॉरवर्ड केलेला" मेसेज येतो, त्यात मूळ कोण ते कळत नाही, तसंच डेटाचं होतं. मूळ डेटासेटमधून कुणी काप काढतो, दुसरा त्यांचं नाव बदलतो, तिसरा परत अपलोड करतो, चौथा त्यावर मॉडेल बनवतो आणि पाचवा प्ले स्टोअरवर अ‍ॅप टाकतो. प्रत्येक पायरीवर ऋणनिर्देश गळतो. आणि त्याच्यासोबत डेटाची सगळी ओळखच गळते: कुणाचा, कुठला, किती वयाचा, किती जणांचा.

"मेंदूचं वय" म्हणजे काय, आणि त्यात डेटाला एवढं महत्त्व का?

थोडक्यात सांगतो. वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो, मधल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या होतात, बाहेरचा थर पातळ होतो. हजारो माणसांचे एमआरआय आणि त्यांची खरी वयं मॉडेलला दाखवली की ते नुसत्या फोटोवरून वय सांगायला शिकतं. तुमचं वय ६० आणि मॉडेल म्हणतंय ६८, तर त्या आठ वर्षांच्या फरकाला संशोधक महत्त्व देतात.

पण ते ६८ कुणाच्या तुलनेत? ज्यांच्या डेटावर मॉडेल शिकलं त्यांच्या तुलनेत. ती माणसं सेंट लुईसची असतील आणि तपासायची आहे कुहीची म्हातारी, जी आयुष्यभर शेतात राबली, हंगामात मिरचीची देठं खुडायला गेली आणि शाळेची पायरी कधी चढली नाही, तर तो आकडा कितपत धरायचा? हे ठरवायला आधी डेटा कुणाचा ते माहीत पाहिजे. पेपरात ही माहिती पद्धतीच्या भागात असते आणि ऋणनिर्देशात असते. आपण नेमकं तेच स्क्रोल करून पुढे जातो.

पेपरच्या शेवटी जे लिहिलेलं असतं ते कसं वाचायचं?

पेपरच्या शेवटी "फंडिंग" नावाच्या भागात एक विचित्र कोड दिसतो. उदाहरणार्थ यू०१ एजी०२४९०४. वायफायच्या पासवर्डसारखा दिसला तरी त्याला अर्थ आहे. "यू०१" म्हणजे निधीचा प्रकार, ज्यात पैसे देणारी सरकारी संस्था संशोधनात स्वतःही सहभागी असते. साधं संशोधन अनुदान असेल तर "आर०१". "एजी" म्हणजे पैसे देणारी संस्था नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग, अमेरिकेच्या सरकारची वार्धक्यावर काम करणारी संस्था. "एमएच" असेल तर मानसिक आरोग्याची संस्था. पुढचे आकडे म्हणजे त्या प्रकल्पाचा नंबर. हा नंबर अमेरिकन आरोग्य संस्थेच्या रिपोर्टर नावाच्या वेबसाइटवर टाकला की प्रकल्प कुणाचा, किती पैसे मिळाले, कोणत्या वर्षी मिळाले, सगळं फुकट बघायला मिळतं.

म्हणून पेपरात नुसतं "अमेरिकन सरकारच्या मदतीने" लिहून भागत नाही, नंबर लागतोच. त्यावरून संस्थेला कळतं की आपल्या पैशातून किती पेपर निघाले, आणि पुढच्या वेळी पैसे द्यायचे की नाही हे ती त्यावरच ठरवते. कोड विसरला तर त्या डेटाच्या पुढच्या फेरीला फटका बसू शकतो. म्हातारपणावरच्या अभ्यासात तर हे फारच खरं, कारण तो एका वर्षात संपत नाही. तीच माणसं दहा-दहा, वीस-वीस वर्षं पुन्हा-पुन्हा तपासावी लागतात.

वर दिलेला नंबर अ‍ॅडनीचा आहे. अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह, २००४ मध्ये सुरू झालेला, अमेरिका-कॅनडातल्या अनेक केंद्रांचा मिळून प्रकल्प. एमआरआय, पेट स्कॅन, रक्त, पाठीच्या कण्यातलं पाणी, सगळं गोळा करायचं आणि अर्ज केलेल्या संशोधकांना द्यायचं, ही त्याची पद्धत. श्रेयाच्या बाबतीत हे लोक भयंकर काटेकोर आहेत. डेटा घेताना तुम्ही करारावर सही करता. त्यात लिहिलेलं असतं की पेपरच्या लेखकांच्या यादीत शेवटी "अ‍ॅडनीसाठी" असं लिहून फुलीचं चिन्ह टाकायचं. खाली तळटीप द्यायची की डेटा अ‍ॅडनीचा आहे, त्यांच्या संशोधकांनी डेटा दिला पण या पेपरचं विश्लेषण किंवा लेखन केलेलं नाही. शिवाय पेपर मासिकाकडे पाठवण्याआधी त्यांच्या समितीला दाखवायचा.

मला ती तळटीप आधी फालतू वाटायची. मग लक्षात आलं की तिने दोन कामं एकदम होतात. डेटा जमवणाऱ्याला श्रेय मिळतं, आणि तुमच्या चुकीची जबाबदारी त्याच्या डोक्यावर येत नाही. आमच्यासारख्या पोरांनी त्यांच्या डेटावर ९८ टक्के काढले, तर त्याचा दोष त्यांच्याकडे जायला नको ना!

यूके बायोबँकचं याहून सोपं आहे. ब्रिटनमधले ४० ते ६९ वयाचे पाच लाख लोक त्यांनी २००६ ते २०१० मध्ये नोंदवले. त्यांचा डेटा वापरला की आपला अर्ज क्रमांक पेपरात लिहायचा. एक वाक्य, एक नंबर, झालं.

लेखक कोण आणि आभार कुणाचे?

इथे आपल्याकडे खूप घोळ होतो. प्रोजेक्ट रिपोर्टवर किंवा पेपरवर ज्याने संगणक दिला त्याचं नाव, ज्याने फी भरली त्याचं नाव, विभागप्रमुखांचं नाव. वैद्यकीय मासिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिने लेखक होण्याच्या चार अटी ठरवल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात: कामात खरा वाटा, लेखनात किंवा ते तपासण्यात वाटा, छापण्याआधी अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. नुसते पैसे आणले किंवा नुसता डेटा गोळा केला तर लेखक नाही, पण ऋणनिर्देशात नाव यायलाच पाहिजे.

हे मला अर्धंच पटतं. डेटा गोळा करणाऱ्याला "नुसता" म्हणणं सोपं आहे. एखाद्याने तीन वर्षं गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि मी एसीत बसून दोन महिन्यांत मॉडेल बनवलं, तर मी लेखक आणि तो आभाराच्या ओळीत? यावर थोडा तोडगा म्हणून क्रेडिट नावाची पद्धत आली आहे. त्यात १४ भूमिका आहेत: कल्पना कुणाची, सॉफ्टवेअर कुणाचं, प्रत्यक्ष तपासणी कुणी केली, डेटा कुणी सांभाळला, निधी कुणी आणला, असं प्रत्येकाच्या नावापुढे लिहायचं. सिनेमाच्या शेवटी पाट्या येतात तसं. शिवाय आता डेटासेटला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळतो, डीओआय. त्यामुळे पेपरसारखाच डेटासेटचाही संदर्भ देता येतो आणि किती जणांनी वापरला ते मोजता येतं.

आपल्याकडचा मोठा डेटा: लासी

अमेरिका-ब्रिटन पुष्कळ झालं. आपल्या देशात असा अभ्यास आहे आणि त्याचं मुख्य ठाणं मुंबईत देवनारला आहे. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे आयआयपीएस. तिने हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागासोबत आणि युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियासोबत लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया, थोडक्यात लासी, सुरू केला. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. ४५ आणि त्यापुढच्या वयाचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जण, जवळजवळ सगळी राज्यं. पैसा दिला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने, अमेरिकेच्या त्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगने, आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने. म्हणजे थोडा आपल्या करातला पैसा, थोडा अमेरिकन लोकांच्या करातला. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला.

यातच मेंदूसाठी वेगळा अभ्यास झाला: लासी-डॅड. तो दिल्लीच्या एम्सने आणि सदर्न कॅलिफोर्नियाने मिळून केला. साठीच्या पुढचे ४,०९६ लोक. निधीचा एक नंबर आर०१ एजी०५११२५, आणि तो कसा वाचायचा हे आता तुम्हाला माहीत आहे. शाळा न शिकलेल्या माणसाची स्मरणशक्ती तपासायची कशी, हा यातला अवघड प्रश्न. "पेन्सिलने हे चित्र काढा" किंवा "हे वाक्य वाचा" म्हटलं तर निरोगी माणूसही नापास होईल, कारण हातात कधी पेन्सिलच धरलेली नाही. म्हणून चाचण्या बदलाव्या लागल्या. भारतात याची सुरुवात आधीच झाली होती: हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांमध्ये निरक्षर लोकांसाठी हिंदीतली चाचणी १९९० च्या दशकात तयार झाली होती, आणि लासी-डॅडला ती उपयोगी पडली. तिचं नाव आजही पेपरात घेतात. श्रेय असं साखळीने पुढे जातं.

पुढचा भाग आपल्यासारख्यांना आवडेल. ४,०९६ पैकी २,५२८ जणांची सगळी माहिती तज्ज्ञ डॉक्टरांनी ऑनलाइन बघून डिमेन्शिया आहे की नाही यावर एकमत केलं. त्यावरून सांख्यिकी मॉडेल बनवून ते लासीच्या मोठ्या नमुन्याला लावलं. २०२३ मध्ये पेपर आला: साठीच्या पुढच्या भारतीयांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यात शहरापेक्षा जास्त. सरकारला आज काही योजना करायची असेल तर हा आकडा हाताशी आहे. तो सेंट लुईसच्या डेटावरून कधीच निघाला नसता.

आणि डेटा तिथेच थांबत नाही. लासी-डॅडमधल्या २,७६२ जणांचा अख्खा जीनोम वाचला गेला आणि त्यावरून भारतीयांच्या ५०,००० वर्षांच्या इतिहासावरचा पेपर २०२५ मध्ये सेल या मासिकात छापून आला. एखाद्या आजोबांनी रक्त दिलं विसरभोळेपणाच्या अभ्यासासाठी, आणि त्यातून निघाले आपल्या सगळ्यांचे पूर्वज. प्रत्येक वेळी मूळ अभ्यासाचं नाव लिहिलं जातं म्हणूनच आपल्याला हा प्रवास दिसतो.

बेंगळुरूचं उदाहरणही सांगतो, कारण ते कुहीसारख्याच तालुक्याचं आहे. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्याच्या गावांमध्ये भारतीय विज्ञान संस्थेतलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च ४५ वर्षांपुढच्या १०,००० लोकांना वर्षानुवर्षं तपासायचं ठरवून कामाला लागलंय. अभ्यासाचं नाव सॅन्सकॉग. इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टने या केंद्राला सुरुवातीला २२५ कोटी रुपये दिले. गंमत अशी की अभ्यासाच्या नावातच तालुक्याचं नाव आहे: पहिला "एस" श्रीनिवासपूरचा. एकाही माणसाचं नाव उघड न करता गावांना असं श्रेय देता येतं, हे मला फार आवडलं.

मग आजीचं नाव का नाही?

समजा उद्या असा अभ्यास कुहीत आला. आजीला दहा शब्द सांगितले, थोड्या वेळाने परत विचारले, तिला चार आठवले. रक्त घेतलं, एमआरआयसाठी चाळीसएक किलोमीटरवर नागपूरला नेलं. तिच्या एका दिवसाची मजुरी बुडाली. पेपरात देणगीदाराचं नाव, विद्यापीठाचं नाव, मॉडेल बनवणाऱ्याचं नाव. आजी मात्र "सहभागी क्रमांक अमुक". अन्याय वाटतो ना?

पण नाव लपवण्यातच तिचा फायदा आहे, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. डोक्याच्या एमआरआयमध्ये नुसता मेंदू नसतो, चेहराही असतो. त्या डेटावरून थ्रीडी चेहरा बनवता येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१९ मध्ये ८४ जणांवर प्रयोग केला. एमआरआयवरून बनवलेले चेहरे त्यांच्या साध्या फोटोंशी सॉफ्टवेअरने जुळवून बघितले, तर ७० जण बरोबर ओळखले गेले. म्हणून खुल्या डेटासेटमध्ये चेहरा पुसण्याची पद्धत आहे, आणि डेटा घेताना कुणाची ओळख शोधणार नाही असं कबूल करावं लागतं. विचार करा: गावात "तिचं डोकं चाललं" असं पसरलं, किंवा विमा कंपनीला कळलं, किंवा जमिनीच्या वादात कुणी "हिची सही धरू नका" म्हणालं. कुहीसारख्या गावात तर वय, आडनाव आणि वॉर्ड एवढं पुरेसं आहे माणूस ओळखायला.

आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात संशोधनाला बरीच सूट आहे, पण त्या डेटावरून त्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही ही अट आहे.

मेंदूच्या संशोधनातला सगळ्यात प्रसिद्ध पेशंट जवळजवळ पन्नास वर्षं फक्त "एच.एम." होता. ऑपरेशननंतर त्याला नव्या आठवणी साठवता येईनात, आणि स्मरणशक्तीबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं कितीतरी त्याच्यामुळे कळलं. हेन्री मोलेसन हे पूर्ण नाव जगाला कळलं ते २००८ मध्ये, तो गेल्यावर. दुसरी पद्धत नन स्टडीची. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ६७८ कॅथलिक नन्सनी मरणानंतर मेंदू दान करायचं कबूल केलं. एकेकीचं नाव नाही, पण अभ्यासच त्यांच्या नावाने ओळखला जातो.

नाव देता येत नसेल तर दुसरं काय देता येईल? निष्कर्ष परत गावात येऊन मराठीत सांगता येतील. तपासणीत रक्तदाब किंवा साखर निघाली तर घरच्यांना कळवता येईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्येही संशोधनाचा फायदा सहभागींपर्यंत पोहोचवण्याचं सांगितलेलं आहे. तुमच्या घरी कधी असा सर्व्हे आला तर संमतीपत्रावर सही किंवा अंगठा करण्याआधी तीन गोष्टी नक्की विचारा: पैसा कुणाचा, डेटा पुढे कुणाकुणाला मिळणार, आणि आम्हाला परत काय कळणार. विचारलं तर कुणी रागावत नाही. खरं तर ही माहिती त्या कागदावर असायलाच पाहिजे, आपण फक्त वाचत नाही.

कंपनीचा पैसा असेल तर?

अ‍ॅडनीच्या ऋणनिर्देशात औषध कंपन्यांची लांबलचक यादी असते. बायोजेन, एसाय, एली लिली अशी नावं त्यात आहेत. याच कंपन्या अल्झायमरची औषधं बनवतात. याचा अर्थ डेटा खोटा आहे असा नाही, तो तर सगळ्यांना मिळतो, कुणीही तपासावं. पण वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं. नाव लपवलं की काय होतं ते साखरेच्या प्रकरणात दिसलं: १९६७ मध्ये एका मोठ्या अमेरिकन वैद्यकीय मासिकात हृदयरोगाचा दोष चरबीवर ढकलणारा आणि साखरेला हलकं सोडणारा लेख आला. त्यामागे साखर उद्योगाचा पैसा होता हे २०१६ मध्ये, म्हणजे ४९ वर्षांनी जुन्या कागदपत्रांवरून उघड झालं.

म्हणून "हा गेम खेळा, मेंदू दहा वर्षांनी तरुण होईल" छाप अ‍ॅपची बातमी मोबाइलवर दिसली, तर मी आधी पेपर उघडून खालचा भाग बघतो. अभ्यासाला पैसा अ‍ॅपवाल्या कंपनीचाच असेल तर उत्साह आपोआप निम्मा होतो.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय लिहायचं?

डेटासेट उतरवण्याआधी मूळ कुठलं ते शोधा. अपलोड करणारा आणि डेटा बनवणारा हे वेगळे असू शकतात. मूळ सापडत नसेल आणि विषय आरोग्याचा असेल, तर तो डेटा सोडून द्या. ओएसिस अजूनही मिळतो, आणि सरळ त्यांच्याकडूनच घेतला तर कोणता फोटो कुणाचा याचा तक्ताही सोबत येतो. मग ट्रेन-टेस्ट माणसांनुसार वेगळं करता येतं. लासीचा डेटा आयआयपीएसकडे अर्ज करून मिळतो. त्यात कॉलेजचं नाव आणि वापराचं कारण द्यावं लागतं.

मग रिपोर्टमध्ये, गिटहबच्या रीडमी फाइलमध्ये आणि अ‍ॅप असेल तर "आमच्याबद्दल"च्या पानावर साधारण असं लिहा: "या प्रोजेक्टमध्ये ओएसिसचा पहिला डेटासेट वापरला आहे. यातले स्कॅन वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने अमेरिकन आरोग्य संस्थांच्या निधीतून जमवले. निधीचे क्रमांक पुढीलप्रमाणे. आम्ही इतक्या माणसांचे इतके काप वापरले. स्कॅन देणाऱ्या सहभागींचे आभार. विश्लेषण आणि त्यातल्या चुका आमच्या." निधीचे क्रमांक ओएसिसच्या पानावर तयार मिळतात, कॉपी-पेस्ट करायचे. कुठल्याही डेटासेटने स्वतःचं वाक्य ठरवून दिलं असेल तर तेच जसंच्या तसं वापरा, त्यात आपली इंग्रजी सुधारायला जाऊ नका.

आणि "किती माणसं" ही ओळ सोडू नका.

आमचा प्रोजेक्ट अजून गिटहबवर आहे. त्या रविवारी मी त्याची रीडमी उघडली, ९८ टक्क्यांची ओळ काढली आणि ३२ च्या भागाकाराचा हिशेब तिथे लिहून टाकला. मग माणसं वेगळी ठेवून मॉडेल पुन्हा चालवायला बसलो. मध्यमच्या वर्गात दोनच माणसं असल्याने एक ट्रेनला, एक टेस्टला. टेस्टमधलं ते माणूस मॉडेलला ओळखता आलं नाही. मित्रांच्या ग्रुपवर टाकलं, तर एकाने विचारलं, "आता मार्क परत मागतील काय बे?"